घरातला समुद्र खाडीत सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर पानभर लेख आला होता, त्यात हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा मोठा फोटो होता, निळा लाइट, केशरी मासे, मागे हलणारी कोरलं. फोटो सुंदरच होता. तो बघून आमच्या सोसायटीतल्या दोघीजणी माझ्याकडे आल्या, कारण आमच्याकडे २०१७ पासून अशी टाकी आहे, आणि त्यांनी विचारलं की किती खर्च येतो, वास येतो का, लाइट किती लागतो. लेखातही तेवढंच होतं. त्या टाकीत जे लावतो ते वाढतं, आणि वाढलं की त्याचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही आणि लेखातही कुठे नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालंय, कापावं लागलं तर माझ्या टाकीचं वर्णन कापा पण खाडीचं जे लिहिलंय ते कृपया ठेवा.

टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर, दगड घातल्यावर पाणी चारशेच्या आसपास. नळाचं पाणी चालत नाही, आरओ करून वर अजून एका रेझिनच्या नळीतून काढायचं, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य यायला पाहिजे, मग त्यात मीठ कालवायचं, लिटरला ३५-३६ ग्रॅम. हे आपलं स्वयंपाकघरातलं मीठ नाही, यात कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं असतं आणि ते महाग येतं. दर पंधरा दिवसांनी मी पन्नासेक लिटर पाणी बदलते म्हणजे एका वेळेला पावणेदोन किलोच्या वर मीठ जातं, हिशोब तुम्हीच करा. रोज पाणी उडतं पण मीठ उडत नाही, त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची, हे नवीन माणसाला सांगूनही पटत नाही आणि तिथेच पहिले मासे मरतात. तापमान २५-२६ च्या वर जाऊ द्यायचं नाही, ठाण्यात एप्रिल-मे मध्ये चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवायचं यंत्र, चोवीस तास सुरू असतो. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) आणि कॅल्शियमही ठरावीक पातळीत ठेवावं लागतं. दर शनिवारी सकाळी चहा झाला की मी टेस्ट किट घेऊन बसते, लेक वहीत आकडे लिहितो. आठ वर्षांच्या वह्या आहेत आमच्याकडे.

एक महत्त्वाचं, जे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. आपल्याकडे दगडी कोरल, म्हणजे ज्यांचा चुन्याचा सांगाडा असतो आणि ज्यांनी प्रवाळभिंती बनतात ती सगळी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, २००१ पासून. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. तेव्हा ती घरात ठेवायचा प्रश्नच नाही आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नका. मग आपल्या टाक्यांमध्ये राहतात ती मऊ कोरलं, लेदर, मशरूम, झोआ, ग्रीन स्टार आणि झेनिया. आणि गंमत नाही हो, खरी अडचण इथेच सुरू होते, कारण जगभर टाक्यांमध्ये जी कोरलं तणासारखी पसरतात ती बहुतेक हीच मऊवाली असतात. दगडी कोरल वर्षाला बोटभर वाढलं तर लोक खूश होतात. ही वाढतात गवतासारखी.

झेनिया मी २०१९ ला आणलं. दुकानदार म्हणाला ताई हे लावा, नवीन माणसाकडेही मरत नाही. दोन इंचांचा तुकडा होता, त्यावर आठ-दहा देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला छोटे छोटे हात, आणि ते हात मुठीसारखे मिटतात उघडतात, मिटतात उघडतात, दिवसभर. पाण्याचा पंप बंद केला तरी सुरूच. माझी सासू तेव्हा अंथरुणाला होती, आम्ही तिची कॉट टाकीसमोर लावली होती, ती तासन् तास ते बघायची, म्हणायची हे श्वास घेतंय गं. म्हणून मला त्या कोरलचा राग नाही येत, आजही नाही.

पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली ते आठवत असेल सगळ्यांना, लोकल थांबल्या होत्या. आमच्याकडे इन्व्हर्टर होता पण तो पंखे-दिव्यांपुरता, दुपारी बसला. बॅटरीवरचा हवेचा पंप तेव्हा माझ्याकडे नव्हता, आम्ही तिघं आळीपाळीने मगने पाणी वर घेऊन ओतत होतो. तरी रात्रीपर्यंत तीन मासे गेले आणि मोठं लेदर कोरल दोन आठवड्यांत सडून गेलं. मेलेल्या गोष्टींमुळे पाण्यात नायट्रेट वाढलं, ते खाली आणायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत जी जागा मोकळी झाली ती सगळी झेनियाने घेतली. झेनियाला थोडं घाण पाणीच मानवतं. देठ वाढतो, वाकतो, शेजारच्या दगडाला टेकतो, तिथे चिकटतो, मग मागून स्वतःला तोडून घेतो, असा तो दगडावरून अक्षरशः चालत जातो. काही देठ सुटून पाण्याबरोबर वाहतात आणि काचेवर, पाइपवर, पंपाच्या जाळीत कुठेही रुजतात. दिवाळी २०२१ पर्यंत माझे झोआ झाकले गेले होते, ग्रीन स्टारची हिरवळ मागच्या काचेवर चढली होती आणि या दोघांच्या मध्ये काहीही उरलं नव्हतं.

मी मग काय केलं, तर ब्लेडने खरवडलं. चूक. देठाचा मुळाशी राहिलेला तांदळाएवढा तुकडाही परत उगवतो, आणि खरवडताना उडालेले तुकडे सगळ्या टाकीत पोचतात, वर एकदम इतकं कापलं की त्यातून जे काही पाण्यात सुटतं त्याने बाकीची कोरलं दोन-तीन दिवस मिटून बसतात. कार्बन, म्हणजे पाणी साफ करायचा कोळसा, टाकावा लागला, पाणी बदलावं लागलं. पुढे जे शिकले ते असं की दगड बाहेर काढता येत असेल तर अख्खा दगडच काढायचा. नसेल येत तर चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जात आपल्या पानाच्या चुन्याचीच, पण टपरीवरचा नको, शुद्ध पावडर. थोड्या आरओच्या पाण्यात दह्यासारखा दाट कालवायचा, सगळे पंप बंद करायचे, सुई नसलेल्या सिरिंजने एकेका देठाच्या बुडाशी घालायचा आणि पंधरा-वीस मिनिटं पाणी हलू द्यायचं नाही. एका वेळेला चार-पाच जागा, बास. जास्त घातला की पीएच चढतो आणि मासे धापा टाकायला लागतात. आयप्टेशिया नावाचं एक तपकिरी डंख मारणारं फूल दगडांबरोबर फुकट येतं, त्याच्यावरही हाच चुना चालतो, त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी पण मिळते, पण झेनिया खाणारं भरवशाचं काही मला आठ वर्षांत मिळालं नाही.

आणि सुरुवातीपासूनच करायला हवं होतं ते म्हणजे पसरणाऱ्या कोरलचा दगड बाकीच्या दगडांपासून लांब, वाळूत एकटा ठेवायचा, बेटासारखा. हे एक वाक्य दुकानदाराने सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती.

झोआबद्दल वेगळं लिहिते, कारण घरात लहान मुलं असतात. झोआ आणि पॅलिथोआ या कोरलांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, फार जहाल, आणि त्याच्यावर उतारा नाही. दगड उकळून साफ करायचा, कडक पाणी ओतायचं, ब्रशने खसाखसा घासायचं, हे प्रकार अजिबात करू नका, ते विष उकळून मरत नाही, वाफेबरोबर आणि उडालेल्या थेंबांबरोबर छातीत जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला एक अख्खं कुटुंब टाकीतलं कोरल साफ करताना आजारी पडून हॉस्पिटलमध्ये गेलं, मदतीला गेलेल्या काही जणांनाही हॉस्पिटलमध्ये नेलं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय टाकीत हात नाही, हातावर कापलेलं असेल तर मोजे घालूनही नाही, आमच्याकडे हा नियम लेकालाही आहे आणि मलाही.

आता खाडी.

आमच्या ओळखीतले एक जण, नाव लिहीत नाही, चांगला माणूस आहे, त्यांची बदली झाली आणि टाकी मोडायची वेळ आली. मासे लोकांनी घेतले. झेनियाने भरलेले दगड कोणी घेईना, कारण ज्याला माहीत आहे तो घेत नाही. मला फोन आला की काळजी करू नका, सोय झाली, रात्री घोडबंदरला जाऊन खाडीत सोडून आलो, दोन बादल्या. आवाजात समाधान होतं त्यांच्या. म्हणाले, जिवंत आहे हो, कचऱ्यात कसं टाकणार, समुद्राचं समुद्राला दिलं.

मला ते वाक्य अजून ऐकू येतं, कारण त्यात दुष्टपणा काहीच नाही. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, निर्माल्य वाहत्या पाण्यात, मूर्ती पाण्यात, अस्थी पाण्यात, बाजारातून आणलेलं कासव तलावात, पाण्यात सोडलं की सुटलो आणि पुण्यही लागलं. पण ते कोरल या समुद्राचं नव्हतंच. दुकानातला झेनिया कुठून कुठून आलेला असतो, इंडोनेशियाचा असेल, तांबड्या समुद्रातला असेल, कोणाच्या टाकीत पाच पिढ्या वाढलेला असेल. समुद्र सगळा एकच दिसतो आपल्याला किनाऱ्यावरून. तो एक नाही. घाणेरीचं झुडूप इंग्रजांनी बागेत शोभेसाठी आणलं होतं, जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच देशोदेशी नेली गेली, आज सह्याद्रीचे उतार आणि आपल्या नद्या बघा. सकर मासा काच चाटून साफ ठेवतो म्हणून टाकीत घेतला, मोठा झाला म्हणून नदीत सोडला, आता मच्छीमारांची जाळी फाडतो. तिन्ही वेळा सुरुवात शोभेपासूनच.

समुद्रात हे होत नाही असं वाटत असेल तर व्हेनेझुएला बघा. तिथे मोचिमा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे समुद्रकाठचं, तिथे झेनियाच्याच कुळातलं, युनोमिया नावाचं, मूळचं इंडोनेशियाकडचं मऊ कोरल पसरलंय. अॅक्वेरियमच्या व्यापारातून ते तिथे पोचलं असं तिथले संशोधक मानतात. समुद्री गवत, तिथली स्वतःची दगडी कोरलं, सगळ्यावर त्याचा गालिचा चढलाय, आणि त्या गालिच्याखाली मासा अंडी कुठे घालणार, म्हणजे शेवटी फटका कोळ्यालाच. तेच कोरल २०२० मध्ये हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये सापडलं आणि पुढे त्याचा पसारा ८० एकरांच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. ८० एकर म्हणजे आपल्या आझाद मैदानासारखी तीनेक मैदानं, पाण्याखाली, आणि काढायला पाण्याखाली माणसं उतरवावी लागतात. माझ्या चार फुटांच्या टाकीत मला तीन वर्षं लागली, परत सांगते.

कोरलच कशाला, आम्ही संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या छोट्या टाकीत, पाणी साफ ठेवायला जे हिरवं शेवाळ लावतो, कॉलर्पा, त्याचीच एक जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रात दिसली, तेव्हा ठिगळ होतं साधारण एक चौरस मीटरचं. पुढे ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर गेली. तीच जात २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडली तेव्हा त्यांनी फार वेळ घालवला नाही, ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडला, तरी ती संपली म्हणायला २००६ उजाडलं आणि खर्च ७० लाख डॉलरच्या घरात गेला. त्यांनी २००१ मध्येच कायदा करून ती जात विकायला बंदी घातली. आपल्याकडे मी मागच्याच महिन्यात कॉलर्पा एका दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत, काही न विचारता विकताना पाहिलं.

हे सांगितलं की लोक एकच म्हणतात, आपलं पाणी एवढं गढूळ, पावसाळ्यात तर गोडंच होतं, इथे काय जगणार. खाडीच्या आतल्या बाजूला बहुधा नाहीच जगणार, ते मी मानते. पण मुंबईच्या समुद्रात काही जगत नाही हे खरं नाही. ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जाऊन बघा, झोआंची चादर असते चादर. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीकडची कोरलं उचलून दुसरीकडे न्यावी लागली २०२० मध्ये, १८ वसाहती होत्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेतली होती. ती काही कोणी लावलेली नव्हती, आपली होती, गढूळ पाण्यात वाढलेली. आणि मुंबई म्हणजे काही सगळा किनारा नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोक स्नॉर्कलिंग करतात ते त्या कोरलांसाठीच. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आत आंग्रिया बँक आहे, कान्होजींच्या नावाची, पाण्याखालचं मोठं प्रवाळपठार, आणि तिथलं पाणी गढूळ नाही. ज्या माणसाने घोडबंदरला बादली ओतली त्याचं गाव कोकणात असतं तर त्याने ती कुठे ओतली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सगळं पाप टाकीवाल्यांच्या माथी मारू नये हेही मला मान्य आहे. जहाजांच्या तळाला चिकटून, जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून कितीतरी परके जीव येतात, विशाखापट्टणमला १९६७ मध्ये आलेला कॅरिबियनकडचा शिंपला पुढे मुंबईच्या गोदीतही पोचला तो कोणाच्या हॉलमधून नाही आला. पण जहाजं माझ्या हातात नाहीत, बादली आहे.

म्हणून काही मागणी करते. वन्यजीव कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात कलम ६२ अ आलंय, परक्या आणि पसरणाऱ्या जातींची आयात, विक्री, बाळगणं यावर केंद्र सरकार नियम किंवा बंदी आणू शकतं. हे कलम कामाला लावताना जमिनीवरच्या झाडाझुडपांबरोबर अॅक्वेरियममधल्या समुद्री जीवांचाही विचार व्हावा, निदान युनोमिया आणि कॉलर्पाच्या त्या जातीपासून सुरुवात व्हावी. माझा छंद बंद पडावा असं मी अर्थातच म्हणत नाहीये. दुकानदारांनी पिशवीवर एक चिठ्ठी लावावी, हे पसरतं, वेगळ्या दगडावर ठेवा, नको झालं तर परत आणा. आणि खरंच परत घ्यावं. तलावाकाठी निर्माल्य कलश ठेवल्यावर लोक आपोआप त्यात टाकायला लागले, कारण टाकायला जागा मिळाली. आज टाकी मोडणाऱ्या माणसाला तशी जागाच नाही, आणि कचऱ्याच्या डब्याजवळ उभं राहून जिवंत वस्तू टाकणं जड जातंच.

तोपर्यंत घरी काय करायचं ते लिहिते, छापलंत तर हेच छापा. कोरल किंवा शेवाळ नको असेल तर पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. दगड असतील तर गॅलरीत किंवा गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन आठवडे वाळू द्या, कोणाचा हात लागणार नाही अशा जागी, पावसाळ्यात बादलीभर पाण्यात ब्लीच घालून बुडवून ठेवा. झोआ असतील तर मोजे आणि चष्मा, आणि ब्रश लावायचा नाही. टाकीचं पाणीही तसंच ओतू नका, दहा लिटरला कपभर ब्लीच घालून एक दिवस ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर किंवा अॅसिड मिसळू नका, आणि मग ते संडासात ओता. रस्त्याकडेच्या गटारात नाही. पावसाळी गटार नाल्याला जातं आणि नाला खाडीला, आणि ठाण्याची खाडी आता रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, २०२२ पासून, हिवाळ्यात जे फ्लेमिंगो बघायला आपण मुलांना नेतो ते तिथल्याच चिखलात जेवतात.

ज्यांनी घोडबंदरला बादल्या ओतल्या त्यांना मी नंतर हे सगळं सांगितलं. रागावले नाहीत. बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, आता जाऊन काढता येईल का. नाही येणार म्हटलं.

माझ्या टाकीत झेनिया आता एकाच दगडावर आहे, वाळूत मधोमध, चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवून. सासूबाई गेल्या तेव्हा तो दगड तेवढा काढायचा नाही असं घरात ठरलं. परवा ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी खाली जायच्या कप्प्याच्या) मागे दोन नवीन देठ दिसले, तांदळाएवढे. शनिवारी पंप बंद करून चुना लावायचाय.

आपली,
एक वाचक, ठाणे